हातचं राखून

सर्बियातल्या ग्राबोवात पाहुणा दारात आला की त्याला लगेच काही विचारायचं नसतं. आधी ट्रे पुढे करायचा. काचेच्या वाटीत मुरंबा, एक चमचा, एक पेला पाणी. पाहुण्याने चमचाभर खायचं, वर पाणी प्यायचं, चमचा पेल्यात सोडायचा आणि मग काय ते बोलायचं. मग तो मुलीला मागणी घालायला आलेला असो, नाहीतर विजेची जोडणी तोडायला.

कोसाराला साखर होती, बरीच वर्षं. तिने स्वतः तो चमचा चाटायचाही नव्हता. तरी दर जूनमध्ये ती पांढऱ्या चेरीचा मुरंबा घालायची, केसांच्या आकड्याने एकेक बी काढून. घरात खाणारं कोणी नव्हतं. नवरा तिहोमीर मागल्या टेकडीवर पुरलेला, मुलगा प्रेद्राग ऑस्ट्रियात लिंझला, आणि गावातल्या निम्म्या घरांना कुलपं. फळीवरच्या बरण्यांची रांग दरवर्षी लांबत होती. मुरंबा पाहुण्यासाठी असतो आणि पाहुणा कधीही येऊ शकतो, असं तिचं म्हणणं. म्हणणं बरोबरच होतं. फक्त पाहुणा येत नव्हता.

म्हणून वसंतात, अजून मागल्या कुंपणापाशी बर्फ होता तेव्हा, नीश शहरातली एक मुलगी दारात उभी राहिली आणि ट्रे पुढे करण्याआधी कोसाराने वाटी काठोकाठ भरली. मुलीचं नाव इसिदोरा. अंगाने काटकुळी, केस मुलासारखे कापलेले, खांद्याला जड पिशवी. साखर असलेली माणसं रोजचं आयुष्य कसं काढतात, त्याचा ती अभ्यास करत होती. कोसाराचं नाव तिला दवाखान्यातून मिळालं होतं.

"रक्त काढणार?" कोसाराने विचारलं आणि बाही वर सारायला घेतली.

"नाही मावशी."

"मग वजन? आधीच सांगते, थंडीत माझं वजन कपड्यांचंच असतं."

"वजनही नाही. तुम्ही बोलायचं, मी ऐकायचं. बस."

"एवढ्यासाठी नीशहून आलीस? पेट्रोल जाळून?"

इसिदोरा हसली. तिने टेबलावर काडेपेटीएवढं यंत्र ठेवलं, त्यात आवाज साठतो म्हणाली, आणि कोसाराची परवानगी घेतली. मग म्हणाली, "या आजारासोबत जगणं कसं असतं, ते सांगा. तुम्हाला वाटेल तिथून सुरू करा." आणि गप्प बसली.

कोसाराने वाट पाहिली. मुलगी काही बोलेना. नुसती बघत होती, मान किंचित वाकडी करून. बिचारी जरा मंद आहे की काय, असंही कोसाराच्या मनात येऊन गेलं. ग्राबोवात कोणी असं गप्प बसत नाही. समोरच्याने श्वास घेतला की आपलं घुसडायचं, ही इथली रीत. ती शांतता कोसाराला सोसवेना, म्हणून ती बोलू लागली.

मुंग्यांपासून सुरुवात केली. परसातल्या संडासापाशी मुंग्यांची रांग लागली होती, आणि ती आधी तिहोमीरला दिसली. "बाई गं, तुझ्यात साखर सांडतेय," तो म्हणाला होता. त्या उन्हाळ्यात तिला एवढी तहान लागायची की चेरी तोडता तोडता ती शिडीवरून उतरून विहिरीवर जायची, पुन्हा चढायची, पुन्हा उतरायची. तिहोमीर खालून ओरडायचा, "चेरी तोडतेस की शिडी झिजवतेस?"

"आणि रोगाचं नाव कळलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

डॉक्टर विचारायचा, "साखर किती आली?" प्रेद्राग दर रविवारी फोनवर विचारायचा, "औषधं आहेत ना?" शेजारीण रादोय्का विचारायची, "अजून जिवंत आहेस ना गं?" आणि उत्तर यायच्या आत स्वतःच्या पित्ताशयावर यायची. काय वाटलं, हे कोणी विचारलं नव्हतं. तिहोमीरनेसुद्धा नाही, त्याला बिचाऱ्याला ते दिसायचं, म्हणून त्याने विचारलं नसेल.

"मला वाटलं," ती शेवटी म्हणाली, "की आता लोक मला ट्रे देणार नाहीत."

इसिदोराने मान हलवली. हसली नाही, धीरही दिला नाही. फक्त मान हलवली, जणू हे अगदी महत्त्वाचं होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी कोसारा त्या मुलीवर भाळली, म्हातारी माणसं नातवंडांवर भाळतात तशी, वेडगळपणाने.

निरोप द्यायला ती फाटकापर्यंत गेली. "पुन्हा येशील?" तिने विचारलं, जमेल तेवढ्या सहजपणे.

"येईन ना. काही जणांकडे आम्ही परत परत जातो. नवीन काही मिळत असतं तोवर जायचं. तेच तेच यायला लागलं की समजायचं, पुरे झालं. मग थांबायचं."

"अस्सं," कोसारा म्हणाली.

याचा खरा अर्थ तिला दुसऱ्या दिवशी कळला. रादोय्कालाही साखर होती, आणि इसिदोरा तिच्याकडेही जाऊन आली होती. रादोय्का सकाळीच कुंपणापाशी आली, चेहऱ्यावर लग्न लावून आल्यासारखा थाट.

"मी सगळ्ळं सांगितलं. पहिल्या इंजेक्शनपासून ते काल रात्रीच्या भोपळ्याच्या पोळीपर्यंत. नवऱ्याचं, जावेचं, पित्ताशयाचं. पोरीच्या यंत्रातली वीज संपली, मी नाही संपले!"

"मग पुन्हा कधी येणार म्हणाली?"

"पुन्हा कशाला? सगळं तर सांगून झालं."

कोसाराने त्या दिवशी शेजारणीची कीव केली आणि स्वतः शहाणी झाली. घडा एका दमात उपडा केला की पाणी भरायला कोण येतंय? ओघळ पडेल तेवढंच द्यायचं. बाकीचं हातचं राखून ठेवायचं.

याला कोणी लबाडी म्हणेल. म्हणू दे. ज्या घरात रविवारी फोन वाजतो आणि बाकी दिवस नुसता फ्रिज घुरघुरतो, त्या घरातल्या बाईला उपदेश करणाऱ्याने आधी एक हिवाळा तिथे काढून पाहावा.

दुसऱ्या खेपेला इसिदोरा आली तेव्हा कोसाराने एकच गोष्ट बाहेर काढली, चोरून खाण्याची. पितरांच्या शनिवारी सगळं गाव स्मशानात जातं. प्रत्येक जण आपल्या मेलेल्यांच्या नावाने खायला नेतो आणि शेजारच्या कबरीपाशी उभ्या असलेल्यांना वाटतो. तिथे नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणं म्हणजे त्या मेलेल्या माणसाला नाही म्हणणं.

"मग मी खाते," कोसारा म्हणाली. "रादोय्काच्या सासूच्या नावाने केक, पोस्टमनच्या भावाच्या नावाने खजुराची वडी. जिवंतपणी त्या सासूने मला कधी पाणी विचारलं नाही, मेल्यावर मात्र दर वर्षी केक खाऊ घालते. आणि तिहोमीरच्या वाट्याचा मुरंबा मीच खाते. त्याच्या वतीने. तो काही तक्रार करत नाही."

"आणि नंतर?"

"नंतर दोन दिवस जमीन पायाखालून सरकते. पण डॉक्टरला काय सांगू? मेलेल्यांनी आग्रह केला म्हणून?"

इसिदोरा एवढी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. कोसाराकडे त्या दिवशी आणखी सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ते ओठांवर आलेलं तिने दाताखाली धरलं आणि मुलीला पालक भरलेली पोळी बांधून दिली.

तिसरी खेप भर उन्हाळ्यात. या वेळी गोष्ट मोठी होती आणि ती सांगायची की नाही यावर कोसाराने आठवडाभर स्वतःशी वाद घातला होता. संध्याकाळचं इंजेक्शन तिहोमीर द्यायचा. औषध फ्रिजमधून काढलं की ते बर्फासारखं असतं, पोटात शिरताना झोंबतं. म्हणून तो आधी इंजेक्शनची नळी तळहातात धरून बसायचा, बातम्या संपेपर्यंत. मग सुई टोचायचा आणि दर वेळी विचारायचा, "झालं का?" टोचणारा तोच, आणि विचारणाराही तोच. ती म्हणायची, "तुला माहीत नाही का झालं ते?" असं रोज, वर्षानुवर्षं.

"आता मी स्वतःच टोचते," कोसारा म्हणाली. "दुखत नाही. सवय झाली. नळी हातात धरून गरमही करते. पण सुई काढली की कोणी विचारत नाही, झालं का म्हणून. मग मला खरंच कळत नाही गं, झालं की नाही. दोनदा तर मी दुसऱ्यांदा टोचून घेतलं असतं."

तिला रडायचं नव्हतं, पण रडू आलं. इसिदोराने यंत्र बंद केलं आणि तिचा हात हातात घेऊन बसली. मुलीचे हात थंड होते. कोसाराने ते आपल्या तळहातांत धरले, बराच वेळ, गरम होईपर्यंत. तेव्हा तिच्या मनात आलं की ही मुलगी माझी असती तर मी काय केलं असतं. काही नाही. हेच केलं असतं.

निघताना इसिदोरा म्हणाली, "आता सप्टेंबर-ऑक्टोबर लिहिण्यात जाईल. मग बघू."

'बघू' हा शब्द कोसाराला नीट कळत होता. प्रेद्रागही तोच वापरायचा.

उन्हाळा सरला, द्राक्षं उतरवून झाली, आणि ती स्वतःला चाचपू लागली. काय उरलंय? डोळ्यांचं सांगता येईल, पण डोळे सगळ्यांचेच जातात. रात्री साखर उतरून घाम फुटतो ते रादोय्काने सांगून टाकलं असणार, भवानी काही ठेवत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कोसाराला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्याला झालेला आजार जरा कमीच पडला.

आणि मग तो आजार तिच्या मदतीला धावला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकाएकी थंडी पडली. तिने चूल पेटवली, जुनी लोखंडी, खाली भट्टी असलेली. या भागात थंडी पडली की प्रत्येक जण तेच करतो: भट्टीचं दार उघडायचं, समोर खुर्ची ओढायची आणि मोजे घातलेले पाय दारावर टेकवून बसायचं. कोसाराची आई तसंच बसायची, आजीही. कोसाराचे पाय दोन-तीन वर्षांपासून दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे झाले होते, थंड आणि बधिर. डॉक्टरने एकदा सांगितलं होतं, पाय शेकू नका. तिने ते ऐकलं होतं आणि पायांना शेकणं म्हणजे गरम पाण्याची पिशवी, असा त्याचा अर्थ लावला होता. भट्टीपाशी बसणं म्हणजे शेकणं नव्हे. भट्टीपाशी बसणं म्हणजे घरात असणं.

तिला डुलकी लागली. जळक्या लोकरीचा वास आला तेव्हा तिला वाटलं, भट्टीत भाजायला ठेवलेला भोपळा लागला. तिने भोपळा बाहेर काढून पाहिला. भोपळा छान होता. मोज्याकडे तिचं लक्ष नंतर गेलं. उजव्या अंगठ्यापाशी मोजा तपकिरी होऊन कातडीला चिकटला होता, आणि तिला काहीही दुखत नव्हतं.

पहिल्या दिवशी फोड होता. मग फोड फुटला. तिने त्याला राकिया, म्हणजे घरची फळांची दारू, लावली, वर पिवळ्या फुलांचं तेल लावलं, कोबीचं पान बांधलं, जसं सगळे करतात. आठवडा गेला तरी जखम मिटायचं नाव घेईना. कडा काळसर झाल्या. कोसारा काही मूर्ख नव्हती. साखरवाल्याच्या पायाची जखम म्हणजे काय, हे तिला पाठ होतं. दवाखान्याच्या भिंतीवर त्याचं चित्रच होतं. पण दवाखान्यात गेलं की ते ठेवून घेणार. ठेवून घेतलं की घराला कुलूप. आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी संत लुकाचा सण होता, तिच्या सासरच्या घराण्याचा स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. त्या दिवशी घर उघडं असावं लागतं, मेणबत्ती जळावी लागते.

हे कारण खरं होतं. पण ते दुसरं कारण होतं. पहिलं असं, की इतक्या महिन्यांनंतर तिच्याजवळ काहीतरी नवीन होतं.

महिन्याच्या मध्यावर इसिदोराचा फोन आला.

"कशा आहात मावशी? महिनाअखेरीला त्या बाजूला येईन म्हणते. विशेष काही?"

इथे शहाण्या माणसाने काय बोलायचं ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, कोसारालाही माहीत होतं. तिने पायाकडे पाहिलं. वाक्य तोंडात तयार होतं.

"आहे थोडं," ती म्हणाली. "फोनवर नाही सांगता यायचं. आलीस की सांगते."

"अरे वा, मग यायलाच हवं."

"शेवटच्या तारखेला लुका आहे," कोसारा म्हणाली. "आमचा स्लावा."

"हो का? छान."

यापुढे एक अक्षर तिने काढलं नाही. स्लावाला कोणी कोणाला बोलवत नाही. सगळ्या सर्बियात कुठेच नाही. ज्याला तारीख माहीत आहे तो येतो, आणि ज्याला यायचं असतं तो तारीख लक्षात ठेवतो. 'ये' म्हणणं म्हणजे भीक मागणं. तारीख तिने सांगितली होती. यापलीकडे बाई काय करू शकते?

त्यानंतर ती गोष्ट मनात घोळवू लागली. कुठून सुरू करायची: थंडीपासून, की आईच्या भट्टीपासून? भोपळा कुठे आणायचा? 'तेव्हा काय वाटलं' असं विचारलं की काय सांगायचं? तेही तिने ठरवून ठेवलं होतं. पाय सुजला तसा तो तिच्या जोड्यात मावेना. तिने तिहोमीरचा नमद्याचा सपाता काढला. रादोय्का कुंपणावरून म्हणाली, "लंगडतेस का गं?" कोसारा म्हणाली, "तुझी दृष्ट लागली." अंगात अधूनमधून कणकण येई. ती म्हणे, थोडं थांब. कोणाला म्हणे कोण जाणे, पायाला की स्वतःला.

स्लावाच्या दिवशी तिने पहाटे उठून सगळं मांडलं. साखर-अक्रोड घालून शिजवलेले गहू, वर पिठीसाखरेचा क्रूस. पावाची मोठी भाकर. कोबीच्या पानांत गुंडाळलेलं खिमा-भाताचं सारमा, डुकराचं भाजलेलं मांस. पाद्रीबाबा सकाळीच येऊन भाकर कापून, प्रार्थना पुटपुटून, राकियाचे दोन पेले घेऊन गेले. त्यांना अजून चार गावं करायची होती. प्रेद्रागचा फोन आला. "पुढच्या वर्षी नक्की, आई." रादोय्का आली, बसली, खाल्लं, बोलली. यजमानाने त्या दिवशी बसायचं नसतं, पाहुण्यांसमोर उभं राहायचं असतं. कोसारा उभी होती. सबंध टेबलाला पाहुणी एक.

"कोणाची वाट बघतेस गं एवढी? दाराकडे मान वळवून वळवून लचकेल."

"कोणाची नाही. वारा येतोय."

दुपार कलली तेव्हा गाडी थांबल्याचा आवाज आला. इसिदोरा आत आली, हातात कॉफीचं पाकीट आणि चॉकलेटचा मोठा डबा, रिकाम्या हाताने कोणाच्या घरी जायचं नाही म्हणून. साखरवाल्या बाईकडे, साखरेवर अभ्यास करणारी मुलगी चॉकलेटचा डबा घेऊन आली. आमच्या लोकांना शिकवून उपयोग नाही. ती उंबऱ्यावरच थबकली. मेणबत्ती पाहिली, भाकर पाहिली.

"अगं बाई! आज लुका. मावशी, मी पार विसरले होते."

म्हणजे ती स्लावासाठी आली नव्हती. पण आली तर होती. कोसाराने गव्हाचा वाडगा पुढे केला, इसिदोराने क्रुसाची खूण करून चमचाभर खाल्लं.

"यंत्र कुठाय?" कोसाराने विचारलं.

"आज नाही आणलं. मी आभार मानायला आले, मावशी. आमचं काम झालं. इतक्या लोकांशी बोललो, आता सगळ्यांकडून तेच तेच येतंय. तुम्ही दिलंत ते तर सोनं होतं."

होतं. कोसाराने वाडगा खाली ठेवला.

"माझं अजून सांगायचं राहिलंय," ती म्हणाली.

"सांगा की! जरा घाईत आहे, अंधाराच्या आत घाट उतरायचाय. नाहीतर निवांत फोनवर सांगाल?"

मुलगी वाईट नव्हती. ती खरंच घाईत होती. ज्याची घरी कोणी वाट बघत असतं तो घाईत असणारच. रादोय्काने तेवढ्यात संधी साधून पित्ताशयाचा विषय काढला. कोसाराने सारमा बांधून दिलं, भाकरीचा तुकडा दिला, मुरंब्याची बरणी दिली. इतके दिवस जुळवून ठेवलेली गोष्ट, थंडी, आई, भोपळा, सगळं तिने गिळून टाकलं.

पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवायचं असतं. ती पोचवायला निघाली. अंगणात फरशी होती. इसिदोरा दोन पावलं पुढे होती. काहीतरी बोलायला ती मागे वळली. तिची नजर फरशीवर गेली. सपात्याचे ओले ठसे दारापासून इथपर्यंत उमटले होते, फक्त एका पायाचे.

"मावशी, हे काय आहे?"

कोसाराने मागे पाहिलं. तिलाही ते आत्ताच दिसत होतं.

"हेच ते," ती म्हणाली. "नवीन."

इसिदोरा गुडघ्यांवर बसली, सपाता काढला, पान सोडलं. तिने वर पाहिलं. "हे कधीचं आहे? मी फोन केला होता तेव्हा होतं? तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तूच म्हणाली होतीस ना, नवीन काही नसलं की थांबायचं." कोसारा तिची समजूत घालत असल्यासारखी बोलत होती. "म्हणून ठेवलं होतं तुझ्यासाठी."

मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कोसाराला फार वाईट वाटलं. सणाच्या दिवशी आपण पाहुणीला रडवलं.

मेणबत्ती जळती ठेवून घर रिकामं सोडता येत नाही, म्हणून रादोय्का मागे राहिली. इसिदोराने कोसाराला गाडीत बसवलं आणि शहराचा रस्ता धरला. घाट वळणावळणाचा होता. कोसाराला वाटत होतं तो अजून थोडा लांब असता तर बरं.

शहरातल्या दवाखान्यात तरुण डॉक्टरने जखम पाहिली. "कधीपासून?"

कोसाराने श्वास घेतला. "त्या दिवशी एकाएकी थंडी पडली होती. माझी आई, तिच्या वेळची भट्टी..."

"मावशी, फक्त दिवस सांगा."

"तीन-चार आठवडे," ती म्हणाली. एवढी जपलेली गोष्ट दोन शब्दांत संपली.

"या कोण तुमच्या?" नर्सने इसिदोराकडे बोट करून विचारलं. कोसाराच म्हणाली, "पाहुणी." पाहुण्यांनी बाहेर थांबायचं होतं.

अंगठा गेला, शेजारचं बोट गेलं. पाऊल वाचलं, आणखी थोडा उशीर झाला असता तर तेही गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाला. कोसाराने मान हलवली, इसिदोरा हलवायची तशी. खोलीत आणखी तिघी होत्या. भेटीच्या वेळी त्यांच्याकडे मुली, सुना, भाचे यायचे, संत्री आणि रस आणायचे, खुर्च्या कमी पडायच्या. कोसाराची खुर्ची कोणीतरी "घेऊ का?" म्हणून न्यायचं, आणि ती म्हणायची, "घ्या ना, माझं कोणी यायचं नाही." ते ती एवढ्या मोकळेपणाने म्हणायची की कोणाला काही वाटत नसे. प्रेद्रागचा रोज फोन यायचा आता. औषधं मिळतायत ना, तो विचारायचा.

अंगठ्याचे टाके काढले त्या दुपारी इसिदोरा दारात उभी होती. हातात काही नव्हतं. चॉकलेट नाही, यंत्र नाही. बसायला खुर्ची नव्हती म्हणून ती पलंगाच्या कडेला बसली.

कोसाराला आनंद झाला आणि लगेच भीती वाटली. ती उठून बसली, पांघरूण नीट केलं.

"आता माझ्याजवळ खरंच काही नाही गं," ती घाईघाईने म्हणाली. "आधीच सांगते. बोटं गेली ते तुला माहीतच आहे. बाकी तीच साखर, तीच सुई. नवीन काहीसुद्धा नाही."

इसिदोरा खाली बघत होती. "मग जुनंच सांगा," ती म्हणाली.

कोसाराने तिच्याकडे निरखून पाहिलं. थट्टा नव्हती. मग तिने मुंग्यांपासून सुरुवात केली. परसातला संडास, मुंग्यांची रांग, तिहोमीर म्हणाला ते. मुलीला हे शब्दन्‌शब्द पाठ असणार, हे तिला कळत होतं. ती चेरीच्या शिडीपर्यंत आली तेव्हा इसिदोराने एकदा, अगदी चोरून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

कोसाराने ते पाहिलंच नाही असं दाखवलं. गोष्टीत ती शिडीवर परत चढली, आणि या वेळी शिडीखाली तिहोमीरच्या शेजारी पाद्रीबाबांनाही आणून उभं केलं, जे त्या दिवशी तिथे मुळीच नव्हते.